दादा, रंग तरी मी निवडू ना?

पुण्यात स्कूटर घेताना लोक काय बघतात? मायलेज, डिकीत लॅपटॉप मावतो का, झालंच तर रंग. पण धाकटी बहीण खारेपाटणला राहून रोज कणकवलीला नोकरीला जाणार म्हटल्यावर हिशोबच बदलला. जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, तेही मुंबई-गोवा हायवेवर, मागे-पुढे कंटेनर आणि चार महिने कोकणातला पाऊस!

आयटीवाला भाऊ म्हणून एक्सेल शीट अर्थातच माझ्याकडे आली.

पहिला कॉलम चाकाचा. दहा इंची चाक खड्ड्यात बसतं, बारा इंची बऱ्यापैकी वरून निघून जातं. दुसरा ब्रेकचा. १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून निदान कंबाइंड ब्रेक तरी सक्तीचा आहे, म्हणजे एक लिव्हर दाबला की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पुढे डिस्क हवीच, ती पावसात लवकर सुकते.

इलेक्ट्रिकचा मोह होताच. २०२० मध्ये नवी चेतक आली तेव्हा कंपनीने इको मोडमध्ये ९५ किलोमीटर रेंज सांगितली होती. कागदावर सत्तर बसतात हो, पण रात्रभर लाइट गेली तर सकाळी ऑफिस कसं गाठायचं? म्हणून १२५ सीसी पेट्रोल.

सगळं ऐकून आई एवढंच म्हणाली, "पावसात एसटी काय वाईट आसा?"

शीटमध्ये शेवटची ओळ टाकली: जून ते सप्टेंबर, एसटीचा पास. बहिणीने तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. गाडी कुठली यापेक्षा ती कधी काढायची नाही, हे आधी ठरलेलं बरं.

रंग तिनेच निवडला. लाल :)