नव्या नकाशातील जाईबाईंची शाळा

दरवर्षी अशोक विजयादशमीला अमरावती-अकोल्याहून हजारो बांधव-भगिनी दीक्षाभूमीवर जातात. वंदन होते, पुस्तके घेतली जातात आणि परतीच्या गाडीसाठी स्टेशन गाठले जाते. आम्हीही बरीच वर्षे तेवढेच केले. या खेपेस मात्र महिला मंडळाच्या अकरा जणी सोबत होत्या. त्यांना घेऊन आम्ही उत्तर नागपुरातील नवा नकाशा या वस्तीत गेलो. जाईबाई चौधरींची शाळा पाहायची होती.

सुटीमुळे फाटकाला कुलूप. मग रस्त्याच्या कडेला उभे राहूनच आम्ही हकीकत सांगितली.

जाईबाई मूळच्या उमरेडच्या, जन्म १८९२. १८९६ च्या दुष्काळात कुटुंब पोटासाठी नागपुरात आले. १९०१ साली, नवव्या वर्षी लग्न झाले. घरात दारिद्र्य, म्हणून ही पोर नागपूर-कामठी दरम्यान डोक्यावर ओझी वाहू लागली. एकेरी अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास! ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंनी तिला हेरले, लिहावाचायला शिकवले आणि मिशनच्या शाळेत दरमहा ४ रुपयांवर शिक्षिका नेमले. म्हणजे वर्षाचे ४८. (आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही.) पण अस्पृश्य बाई शिकवते हे कळताच सवर्ण पालकांनी मुले काढून घेतली. जाईबाईंची नोकरी गेली.

"मंग पुन्हा वझं उचललं असंल त्यायनं," आमच्यातील एक मावशी म्हणाल्या. त्या स्वतः धान्य बाजारात झाडझूड करतात.

नाही मावशी. १९२२ साली त्यांनी इथे मुलींसाठी संत चोखामेळा शाळा काढली. किसन फागूजी बनसोडे यांनी १९०७ मध्येच नागपुरात मुलींची शाळा सुरू केली होती, पण इथे तर पाटी-पुस्तकासाठी तरसलेली बाईच पुढे झाली. आज फाटकावर नाव आहे ते जाईबाई चौधरी ज्ञानपीठ. आम्हाला हा बदल रास्त वाटतो.

शाळा काढली म्हणून समाजाने मान दिला, असे मात्र नव्हे. १९३७ साली नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले. शिकल्यासवरल्या भगिनींची ती परिषद. तिथे जेवणाच्या वेळी जाईबाईंना व आपल्या भगिनींना वेगळे बसवले गेले. १ जानेवारी १९३८ रोजी आपल्या महिलांनी सभा घेऊन त्याचा निषेध केला.

आणि २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. वीस-पंचवीस हजार बायाबापड्या! अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, मुलींसाठी वसतिगृहे, गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच असावी, असे ठराव तिथे झाले. आमच्या अकरा जणींपैकी दोघींनीच सुलोचनाबाईंचे नाव ऐकले होते. दोष त्यांचा नाही. आम्ही जयंतीला भाषणे ठोकणाऱ्यांनी ते कधी घेतलेच नाही.

त्या परिषदेत बाबासाहेबांनी आयांना बजावले होते की मुलांना शिकवा, त्यांच्या लग्नाची घाई करू नका. हे सांगताना एका वहिनींनी पदर चाचपत मान खाली घातली. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी दहावी झालेली, घरी बसलेली. दिवाळीनंतर पाहुणे येणार होते.

बडनेऱ्याच्या गाडीत त्या जवळ येऊन बसल्या. "भाऊ, बाहेरून बारावीला बसता येते का हो तिले?"

तिकिटाच्या पाठीमागे सतरा नंबरच्या फॉर्मची कागदपत्रे आम्ही लिहून दिली. पाहुण्यांचा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही विचारला नाही.