रिकीब

आमच्या घरात दाराआड एका खिळ्याला लोखंडी रिकीब टांगलेली आहे. एकच. जोडीतली दुसरी कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. खंडेनवमीला स्कूटर, विळी आणि शिवणाचं मशीन यांच्याबरोबर तिलाही हळदकुंकू लागतं. पणजोबांची ती. ते म्हैसूर लान्सर्समध्ये स्वार होते.

बंगळूरच्या मराठ्यांना यात नवल वाटणार नाही. म्हैसूर संस्थानाच्या शिलेदारांत आपली माणसं पूर्वीपासून होती, पुढे लान्सर्समध्येही गेली. 1914 मध्ये हा रिसाला इजिप्तला रवाना झाला. आधी सुएझ कालव्याची राखण, मग पॅलेस्टाइन. 23 सप्टेंबर 1918 ला हैफा पडलं. जोधपूरचे स्वार थेट शहरावर तुटून पडले, त्यांचे मेजर दलपतसिंग त्यात गेले. म्हैसूरच्या स्वारांकडे कार्मेल डोंगर चढून वरच्या तोफा बंद पाडण्याचं काम होतं. घोड्यांवरून, भाले घेऊन, तोफांवर!

गोष्ट सांगणारे बहुधा इथेच थांबतात. महिन्याभराने, 26 ऑक्टोबरला, अलेप्पोजवळ हरितानला याच दोन रिसाल्यांनी पुन्हा धडक मारली. समोरचा शत्रू अंदाजापेक्षा फार मोठा निघाला आणि हैफापेक्षा जास्त माणसं तिथे मेली. चारच दिवसांनी तुर्कस्तानशी युद्धबंदी झाली. हरितानला विजय म्हणता येत नाही, म्हणून भाषणांत ते नसतं.

जे. सी. नगरला लान्सर्सचं स्मारक आहे. लहानपणी अज्जीबरोबर तिथे गेलो होतो. दगडावरची नावं बोट लावून वाचली आणि रडकुंडीला येऊन विचारलं, ‘‘अज्जी, आपलं नाव कुठाय?’’

‘‘ते परत आले की रे,’’ ती म्हणाली. ‘‘परत आलेल्यांचं कोण लिहितंय?’’

अज्जी त्यांची सून. पणजोबा लढाईबद्दल काही बोलत नसत, असं ती सांगायची. बोलले तर घोड्याबद्दल. पाणी नसलेल्या वाटेवर घोडा कसा मान खाली घालून चालायचा, एवढंच. माणसांचं त्यांनी काय पाहिलं, ते त्यांच्याबरोबरच गेलं.

आता हैफाचं नाव मोठं झालंय. दिल्लीच्या तीन मूर्ती स्मारकातल्या तीन स्वारांपैकी एक म्हैसूरचा. 2018 मध्ये त्या चौकाच्या नावात हैफा आलं. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मैत्रीच्या भाषणांत पणजोबा जणू स्वतःहून कुणाला मुक्त करायला निघाले होते असं ऐकलं की मी अवघडतो. त्यांना महाराजांनी पाठवलं, महाराजांनी साम्राज्यासाठी पाठवलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शौर्य त्यामुळे कमी होत नाही, पण ते दुसऱ्याच्या नावावर चढवूही नये.

व्हँकुव्हरला राहणाऱ्या धाकट्या भावाने मध्यंतरी स्टॅन्ली पार्कमधल्या एका स्तंभाचा फोटो पाठवला. पहिल्या महायुद्धात कॅनडासाठी लढलेल्या जपानी वंशाच्या सैनिकांचा तो. त्यांना मताचा हक्क 1931 मध्ये मिळाला, तोही फक्त माजी सैनिकांना. 1942 मध्ये जपानी वंशाच्या लोकांना किनाऱ्यावरून हुसकावून छावण्यांत धाडलं, त्यात हे सैनिकही होते. स्तंभावरचा दिवा विझवला गेला. तो पुन्हा लागला 1985 मध्ये. भावाने फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, ‘‘दादा, यांचं तर घरच काढून घेतलं रे.’’

आमचं घर कुणी काढून घेतलं नाही. मी त्याला उत्तरादाखल रिकिबीचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, ‘‘गंज वाढलाय का?’’

वाढलाय. या खंडेनवमीला खोबरेल लावून पुसली. भाच्याने हातात घेऊन पाय घालून पाहिला, बुटासकट जाईना. बूट काढल्यावर गेला.