८ सप्टेंबरच्या आधीची अ‍ॅनी

१८८८ च्या सप्टेंबरात लंडनच्या व्हाइटचॅपल भागात अ‍ॅनी चॅपमनच्या खुनाची चौकशी सुरू झाली. तिला ओळखणाऱ्या एका बाईने साक्षीत सांगितलं, की ती विंडसरच्या फ्रेडरिक चॅपमन नावाच्या गुरांच्या डॉक्टरची विधवा. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी ते छापलं आणि तिथून ते पुढे पुस्तकांतही गेलं. प्रत्यक्षात तिचा नवरा ना डॉक्टर होता, ना फ्रेडरिक. तो जॉन चॅपमन, बड्या लोकांच्या घोडागाड्या हाकणारा कोचमन. चर्चच्या लग्नाच्या नोंदवहीतही तसंच आहे.

‘जॅक द रिपर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या खुन्यावर सव्वाशेहून अधिक वर्षं पुस्तकं निघत आहेत. त्यांत संशयितांच्या आईवडिलांपासून हस्ताक्षरापर्यंत सगळ्याचा कीस पाडलेला असतो. अ‍ॅनी मात्र या पुस्तकांत शिरते ती ८ सप्टेंबरच्या पहाटे, हॅन्बरी स्ट्रीटवरच्या २९ क्रमांकाच्या घरामागच्या अंगणात, मृतदेह म्हणून. वंशावळीच्या कागदांकडे मी ओढली गेले ते याच कारणाने. त्या कागदांना खुनाचा पत्ताच नसतो. जन्म, लग्न, मृत्यू, दर दहा वर्षांनी शिरगणती, एवढंच त्यांना ठाऊक. तिथे अ‍ॅनी ही कुणाची तरी थोरली मुलगी असते, शिरगणतीच्या रात्री कुणाच्या तरी घरी झोपलेली असते.

पण शोध सोपा नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव टिपणारी शिरगणती १८४१ पासून. अ‍ॅनीचा जन्म याच सुमाराचा. वडील जॉर्ज स्मिथ. स्मिथ हे तिथलं सर्वांत प्रचलित आडनाव, त्यात जॉर्ज स्मिथ तर गल्लोगल्ली. आई रूथ, तिचं माहेरचं आडनाव चॅपमन. आणि मुलगी स्मिथांच्या घरातून उठून पुन्हा एका चॅपमनच्याच घरात गेली! म्हणजे आईचं माहेर आणि लेकीचं सासर एकाच आडनावाचं. यादी चाळताना स्मिथ आणि चॅपमन ही जोडी दिसली, की ती आईच्या पिढीची की लेकीच्या, हे दर वेळी थांबून ताडून पाहावं लागतं. त्यात मरताना ती तिसऱ्याच नावाने ओळखली जात होती. चाळण्या (इंग्रजीत ‘सिव्ह’) बनवणाऱ्या एका माणसाबरोबर ती काही काळ राहिली, म्हणून वस्तीतले लोक तिला ‘सीव्ही’ म्हणत.

या गुंत्यात हाताला लागतो तो तिचा भाऊ. आईवडिलांनी त्याचं नाव फाउंटन ठेवलं होतं. हजारो जॉन आणि विल्यम स्मिथांच्या गर्दीत फाउंटन हॅमिल्टन स्मिथ दिसला, की घर सापडतं. खुनानंतर शवागारात जाऊन बहिणीला ओळखणाराही हाच.

घर सापडलं की त्याची कथाही उलगडत जाते. जॉर्ज हा ‘लाइफ गार्ड्‌स’ या घोडदळाच्या पलटणीतला शिपाई. शिपायाला लग्नाला वरिष्ठांची परवानगी लागे, ती सहजी मिळत नसे. जॉर्ज आणि रूथचं लग्न फेब्रुवारी १८४२ मधलं, म्हणजे अ‍ॅनीच्या जन्मानंतरचं. पलटणीचा मुक्काम कधी लंडनला, कधी विंडसरला, त्यामुळे कुटुंबाचं बिऱ्हाडही या दोन गावांत हलत राही. मग १८५४ साल. त्या एका वर्षी साथीच्या रोगांनी काही आठवड्यांत या घरातली चार मुलं नेली. नोंदवहीत त्या फक्त चार ओळी. पण अ‍ॅनी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती, तिने हे डोळ्यांदेखत पाहिलं. १८६३ मध्ये वडिलांनी आत्महत्या केली. पुढे ती दारूच्या आहारी गेली हे सगळेच लिहितात, आधीच्या या ओळी मात्र फार थोड्यांनी वाचल्या.

१ मे १८६९ ला तिचं लग्न झालं, नाइट्सब्रिजच्या ऑल सेंट्स चर्चमध्ये. इंग्लंडमधल्या लग्नाच्या नोंदीत तेव्हा ठरावीक रकाने असत: वधूवरांची नावं, वय, धंदा, राहण्याचं ठिकाण, वडिलांचं नाव, वडिलांचा धंदा. आईचा रकाना नव्हता. वडील वारले असले तरी त्यांचं नाव लिहीत, आई जवळ उभी असली तरी तिचं नाही. आईचा रकाना तिथे आला २०२१ च्या मे महिन्यात! मला हे वाचून राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. नोंदीवर विसंबावं तर रूथ नावाची बाई या लग्नात नव्हतीच.

जॉनला पुढे विंडसरजवळ एका धनिकाकडे चांगली नोकरी लागली. एमिली, अ‍ॅनी आणि जॉन ही त्यांची मुलं. धाकटा जन्मतः अपंग. थोरली एमिली १८८२ मध्ये मेंदूज्वराने गेली, बारा वर्षांची. नवराबायको वेगळी झाली तरी जॉन दर आठवड्याला दहा शिलिंग पाठवत राहिला. १८८६ च्या नाताळच्या दिवशी तो वारला आणि ते पैसे थांबले. मृत्यूच्या दाखल्यावरची ही तारीख मला खुनाच्या तारखेइतकीच महत्त्वाची वाटते. त्यानंतर पावणेदोन वर्षांतच, खाटेचं भाडं नाही म्हणून, अ‍ॅनीला रात्री धर्मशाळेवजा मुसाफिरखान्यातून बाहेर पडावं लागलं.

१४ सप्टेंबरला नातेवाइकांनी तिला मॅनर पार्कच्या दफनभूमीत पुरलं. गर्दी होऊ नये म्हणून वेळ गुप्त ठेवली आणि शववाहिनीमागून जाण्याऐवजी ते थेट दफनभूमीतच गेले. बदनामीच्या धास्तीने घरं अशी मिटतात, आपल्याला हे सांगायला नको. म्हणून वंशजांपर्यंत पोहोचणाऱ्या अभ्यासकाचं काम नाजूक असतं. नील शेल्डन यांनी ते चिकाटीने केलं आणि त्यातून अ‍ॅनी व जॉनचा १८६९ च्या सुमाराचा फोटो जगापुढे आला. तोवर अ‍ॅनीचा चेहरा म्हणून लोकांपुढे होता तो शवागारात काढलेला. २०१९ मध्ये हॅली रुबेनहोल्ड यांनी रिपरने मारल्या असं मानलं जातं त्या पाचही बायकांची चरित्रं एका पुस्तकात लिहिली, तीही अशाच कागदांच्या आधारे. हयात वंशजांची नावं चव्हाट्यावर आणण्याचा हक्क मात्र कुणालाही नाही, असं माझं ठाम मत आहे.

व्हाइटचॅपलमध्ये आजही संध्याकाळी पर्यटकांना खुनांच्या जागा दाखवत फिरवतात. लंडनला गेलात आणि त्या फेरीत सामील झालात, तर हॅन्बरी स्ट्रीटवर वाटाड्याला एवढं विचारा, की अ‍ॅनीच्या आईचं नाव काय. त्याला आलं नाही, तर तुम्ही सांगा: रूथ.