गाडी आधी थांबली पाहिजे

जुनी गाडी घेणे म्हणजे दारात पांढरा हत्ती बांधणे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. बोलणारे बहुतेक असे असतात, की ज्यांनी एक तर कधी जुनी गाडी घेतलेली नसते, किंवा घेऊन तिच्यावर चुकीच्या जागी पैसा ओतलेला असतो. मी २००९ ची वॅगन आर १,०५,००० रुपयांना घेतली, तिच्यावर ४७,००० रुपये खर्च केले, आणि ती आज घरातल्या पाच माणसांना घेऊन पुण्याहून कराड तालुक्यातल्या गावी जाते-येते. या अनुभवातून मला एकच मुद्दा मांडायचा आहे. जुन्या गाडीवर किती खर्च झाला यापेक्षा तो कोणत्या क्रमाने झाला, यावर ती गाडी घराच्या कामाची ठरते की जिवावरची. आणि आपल्या समाजात हा क्रम नेमका उलटा लावला जातो.

आधी पर्याय काय होते ते पाहू. नवी छोटी गाडी घ्यायची तर पाच लाखांचे कर्ज काढावे लागणार होते. नऊ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी त्याचा हप्ता होतो महिना साधारण ८,०४५ रुपये. म्हणजे पाच लाखांपोटी पावणेसात लाख फेडायचे. घरात दोन मुलांचे शिक्षण चालू, आईच्या गुडघ्यांचे दुखणे, आणि पगार एकच ठरावीक. हा हप्ता डोक्यावर घेऊन सात वर्षे काढायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि ती नसण्यात मला काही कमीपणाही वाटत नाही. दुसरा पर्याय म्हणजे जसे चालले होते तसे चालू ठेवणे. म्हणजे पावसात एका स्कूटरवर चौघे, आणि आईला एसटीची उंच पायरी चढवताना दोन माणसांनी धरायचे. तेव्हा जुन्या गाडीची तुलना करायची तर ती या स्कूटरशी केली पाहिजे. शोरूममधल्या गाडीशी तुलना करणे हे ज्यांच्याकडे शोरूममध्ये जायची ऐपत आहे त्यांचे काम.

कोणी म्हणेल, जुन्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही. आक्षेप खरा आहे. आपल्याकडे ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. २००९ च्या साध्या मॉडेलमध्ये ती नाही आणि नंतर बसवून घेता येईल अशीही ती वस्तू नाही. जुनी गाडी कितीही दुरुस्त केली तरी ती नव्या गाडीइतकी सुरक्षित होत नाही, हे मान्य करूनच पुढे जावे लागते. पण याचा निष्कर्ष काय? जे सुरक्षेचे साधन त्या गाडीत आहे, ते शंभर टक्के चालू पाहिजे. ब्रेक, टायर, दिवे आणि पाचही जागांचे पट्टे. नव्या गाडीत एखादी चूक एअरबॅग सांभाळून घेईल. आपल्या गाडीत सांभाळून घेणारे दुसरे काही नाही. म्हणून जुनी गाडी वापरणाऱ्याने नव्या गाडीवाल्यापेक्षा जास्त कडक असले पाहिजे.

आता व्यवहारात काय होते ते बघा. गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात सीट कव्हर बदलतात, दुसऱ्या आठवड्यात म्युझिक सिस्टीम बसते, मग डेंटिंग-पेंटिंग आणि अलॉय. शेजारी म्हणतात, गाडी नव्यासारखी दिसते. आणि मागच्या चाकात व्हील सिलिंडर गळत असतो, त्याचे तेल लायनरवर पसरत असते, ते कोणाला दिसत नाही. गाडी ही आपल्याकडे प्रवासाचे साधन म्हणून नंतर आणि प्रतिष्ठेची वस्तू म्हणून आधी पाहिली जाते, त्याचा हा परिणाम आहे. ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या गाडी नव्हती, त्यांना दारातली गाडी चांगली दिसावी असे वाटणे मी समजू शकतो. मलाही वाटते. पण रंग घाटात गाडी थांबवत नाही.

आमच्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी गाडी जॅकवर चढवली, चारही चाके उतरवली आणि म्हणाले, ‘दादा, पळवायचं नंतर बघू, आधी थांबवायचं बघू.’ पुढचा सगळा हिशेब या वाक्यावर उभा राहिला.

पहिला खर्च ब्रेकचा. पुढचे डिस्क पॅड, मागचे लायनर, दोन्ही व्हील सिलिंडर, तडकलेले रबरी होज आणि नवे ब्रेक ऑइल, मिळून ५,४०० रुपये. यातले ब्रेक ऑइल सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. हे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. ओलावा वाढला की त्याचा उकळबिंदू खाली येतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबला की चाके तापतात, ते तेल उकळते, नळीत वाफ तयार होते, आणि पेडल पायाखाली सरळ आत जाते. वाफ दाबली जाते, तेल दाबले जात नाही, एवढे साधे विज्ञान आहे. खंबाटकीच्या उतारावर ‘ब्रेक अचानक गेले’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले बरेचसे ‘अचानक’ हे वर्षानुवर्षे न बदललेल्या तेलात तयार झालेले असते. दोन वर्षांतून एकदा ते बदलावे, आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

दुसरा खर्च टायरचा. चार टायर, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग धरून १४,००० रुपये. विकणाऱ्याने सांगितले होते, टायरची नक्षी अजून भरपूर आहे. नक्षी होतीच. कायद्याची मर्यादा १.६ मिलीमीटरची आहे, तिच्यापेक्षा ती कितीतरी जास्त होती. पण टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. आमच्या टायरवर २३१४ असे होते, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. गाडी घेतली २०२२ च्या नोव्हेंबरात. आठ वर्षांचे रबर दगडासारखे कडक झाले होते आणि कडेला बारीक भेगा होत्या. कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज इथे उघडा पडतो. उभ्या गाडीचे रबरही म्हातारे होते.

तिसरा खर्च पुढच्या चाकांच्या खालच्या कामाचा. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, स्ट्रटचे माउंट, ५,६०० रुपये. खड्ड्यात ‘खट’ आवाज येतो तो यांचा. चौथा खर्च दिवे, वायपर, हॉर्न, वायरिंग आणि मागच्या सीटखाली दबून गेलेले पट्टे मोकळे करून घेण्याचा, २,७०० रुपये. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा बारीक पॉलिश पेपरने घासून पॉलिश केल्या की नव्या घ्याव्या लागत नाहीत.

इतके झाल्यावर इंजिन. या गाडीच्या १.१ लिटरच्या इंजिनात टायमिंग बेल्ट रबराचा आहे. २०१० नंतरच्या वॅगन आरमध्ये आलेल्या इंजिनात त्याजागी साखळी आहे. बेल्ट तुटला की गाडी असेल तिथे बंद पडते, मग ती जागा घरासमोरची असो की कात्रजच्या बोगद्यातली. आधीच्या मालकाकडे बेल्ट बदलल्याची पावती नव्हती. पावती नाही म्हणजे तो कधीच बदललेला नाही असे धरायचे, हा नियम. बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, होज पाईप आणि कूलंट एकाच वेळी केले, ६,३०० रुपये. वॉटर पंपापर्यंत पोहोचायला बेल्ट उतरवावाच लागतो. दोन्ही कामे वेगवेगळी केली तर मजुरी दोनदा जाते. ऑइल, फिल्टर, प्लग २,६०० आणि बॅटरी ३,९००. सुटे भाग आम्ही नाना पेठेतून आणले, पेटीबंद आणि बिलासह. ब्रेकच्या बाबतीत स्वस्त नकली माल घेणे म्हणजे पैसे वाचवणे नव्हे.

राहिली मजुरी, ६,५०० रुपये. इथे मला थोडे थांबून बोलायचे आहे. सुट्या भागांच्या पेटीवर छापलेली किंमत आपण निमूटपणे देतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काचेमागचा माणूस तासाची मजुरी सांगतो, तीही देतो. पण रस्त्याच्या कडेला, गाडीखाली पाठीवर झोपून काम करणाऱ्या माणसाने मजुरी सांगितली की आपली घासाघीस सुरू होते. का? कारण हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान हे ज्ञान नाहीच, असे आपल्या समाजाने शतकानुशतके शिकवले आहे. हात काळे करणारा खालचा आणि कागद काळे करणारा वरचा, ही उतरंड गॅरेजच्या दारातही आपल्या बरोबर येते. आमच्या मिस्त्रींनी इंजिनच्या आवाजावरून कुठला माउंट गेला ते सांगितले, आणि उघडल्यावर तोच निघाला. हे तीस वर्षांचे शिक्षण आहे, फक्त त्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेले नाही. मी मजुरी कमी करायला सांगितली नाही. त्यांनी जुने काढलेले भाग एका पोत्यात भरून माझ्यापुढे ठेवले आणि प्रत्येक का बदलला ते दाखवले. परस्पर विश्वास असा तयार होतो.

बेरीज केली तर ४७,००० होतात. मी ५०,००० बाजूला ठेवले होते. उरलेल्या तीन हजारांत गाडी आतून धुऊन घेतली. उजव्या दारावरचा पोचा आणि बॉनेटवरचा उडालेला रंग आजही तसाच आहे. पत्र्याला जिथे गंज धरायला लागला होता तिथे मात्र घासून प्रायमर मारला, कारण गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही.

सगळ्याच जुन्या गाड्या दुरुस्त कराव्यात असे मात्र मी म्हणत नाही. खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर आत जात असेल, चासिस वाकून पुन्हा सरळ केलेली असेल, किंवा गाडी पुरात बुडालेली असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नये. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात महापूर आला; अशा पुरातून निघालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावात विकायला येऊ शकतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघावा, चिखलाची रेघ तिथे राहते. गालिचा उचलून खालची वाळू बघावी.

कागदपत्रांचे काम तर यंत्राइतकेच महत्त्वाचे. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतल्याशिवाय व्यवहार पूर्ण झाला असे समजू नये. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की गाडी प्रत्यक्षात विकलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याचीच. विकणाऱ्याने तर हे पाठ करून ठेवावे.

आणखी एक गैरसमज मुद्दाम पसरवला जातो, की १५ वर्षे झाली की गाडी भंगारात. दिल्लीतले निर्बंध सगळ्या देशाला लावून हे बोलले जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि तपासणीत गाडी योग्य ठरली तर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीसाठी याचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. आमच्या गाडीची मुदत २०२४ मध्ये संपली तेव्हा ती तपासणीला गेली आणि पास झाली. कारण इन्स्पेक्टर जे तपासतो, ब्रेक, दिवे, टायर, धूर, त्यावरच आम्ही पैसा घातला होता. रंगाच्या कामावर घातला असता तर तो त्या दिवशी उपयोगी पडला नसता. जुन्या गाडीने धूर ओकू नये ही अपेक्षा रास्तच आहे आणि पीयूसी त्यासाठीच आहे. पण ज्याची गाडी तपासणीत पास होते त्याला केवळ वर्ष बघून गुन्हेगार ठरवणे हे नवी गाडी खपवणाऱ्यांच्या सोयीचे आहे.

पुढची अडचण दिसते आहे ती इंधनाची. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आता सगळीकडे मिळते, आणि २००९ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या वर्षातून एकदा तपासून घेणे, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठणे, ही नवी शिस्त लावून घ्यावी लागेल. त्यासाठी मी महिन्याला हजार रुपये वेगळे ठेवतो. वर्षाचे बारा हजार. नव्या गाडीचे हप्ते वर्षाला ९६,००० च्या वर गेले असते.

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला माझे एवढेच सांगणे आहे. हातात पैसे मोजके असतील तर कागदावर चार ओळी लिहा: थांबणे, रस्ता धरणे, दिसणे, धावणे. पाचवी ओळ सुंदर दिसण्याची. वरून खाली पैसे संपेपर्यंत खर्च करत या. पाचव्या ओळीपर्यंत पैसे पोहोचले नाहीत तर पोचा तसाच राहू द्या. लोक त्याबद्दल विचारतील. विचारू द्या, त्यांना मागच्या सीटवर बसवा, पट्टा लावायला सांगा, आणि घाट उतरून दाखवा.