मिठाचा डिमर आणि इतर

गॅसबत्ती. गोव्यातले कोरगाव, पार्से, हरमल, तेरेखोल नदीपलीकडचे सावंतवाडीचे गाव. देवळापुढच्या दशावताराला एके काळी हिचाच उजेड. मेंटल एकदा पेटले की राखेचे जाळे उरते, बोट लागले की संपले. दाब उतरला की उजेड तांबूस होतो. मग राजाचे भाषण चालू असतानाच कोणीतरी पुढे येऊन पंप मारायचा. प्रेक्षकांना त्याचे काही वाटत नसे.

मिठाचा डिमर. याच्यावर जास्त लिहायला हवे, कारण याच्याएवढे कुठल्याच यंत्राने शिकवले नाही. चिनी मातीचा नळा किंवा बरणी, तळाशी धातूची एक पट्टी, दुसरी वरून दोरीला. पाणी आणि मीठ. वीज या पाण्यातून दिव्याकडे जाते. वरची पट्टी खाली सोडली की दिवा उजळतो, ओढून घेतली की मंदावतो. मीठ जास्त पडले तर मंद होता होत नाही, कमी पडले तर पुरता उजळत नाही. तालमीत जमलेले प्रमाण तिसऱ्या अंकात बिघडते, कारण तोवर पाणी तापलेले असते आणि तापलेल्या पाण्याचा रोध कमी होतो. विज्ञानाच्या पुस्तकातला रोध दोरी धरणाऱ्याला असा हाताने कळायचा. उघड्या पाण्यात 230 व्होल्ट; हा डिमर गेला ते बरे झाले. त्याची माहिती जायला नको.

तोंडचा हिशेब. हजार वॅटचा स्पॉट साधारण साडेचार अँपिअर घेतो. पंधरा अँपिअरच्या लाइनवर तीन, चौथा लावला की फ्यूज उडायची भीती. एलईडीला वीज इतकी कमी लागते की हा हिशेब कोणी शिकवत नाही. मंडपाची वायर मात्र अजून तापते.

दिव्यापुढच्या रंगीत जिलेटिन कागदाचे तुकडे. वहीच्या पानांत दाबून ठेवलेले. निळ्यावर पिवळा ठेवला की हिरवा, लालावर निळा ठेवला की जवळजवळ अंधार. कागद रंग देत नाही, बाकीचे रंग अडवतो. एलईडीत रंग मिळवले जातात. तिथे लाल आणि निळा मिळून जांभळट गुलाबी होतो. दोन्ही गणिते यायला हवीत.

मॅककॅन्डलेसचे रंगमंचाच्या प्रकाशयोजनेवरचे पुस्तक, 1932. नटावर दोन बाजूंनी, 45 अंशांतून, एक उबदार दिवा आणि एक थंड. बांबूच्या मंडपात तो कोन क्वचितच मिळतो. बांबूला दिवा कसा बांधावा, हे मराठीत आकृतीसकट लिहिले जावे, अशी माझी फार इच्छा आहे.

क्यूशीट. डावीकडे वाक्याचा शेवट, उजवीकडे दिव्याचा नंबर, सगळे पेन्सिलीने. आता ते दिव्यांच्या बोर्डाच्या मेमरीत असते आणि पुढच्या नाटकाला पुसले जाते. गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी गावोगाव नाटके बसतात. त्या प्रकाशयोजनांच्या वह्या मागून घेऊन एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात लावता येतील.