दुसऱ्या फळीचे मैदान

अमेरिकेतील बेसबॉल म्हटले की आपल्याकडे न्यूयॉर्कसारख्या महानगरांतील संघांचीच नावे कानांवर असतात. परंतु अशा 30 मोठ्या संघांपैकी प्रत्येकाच्या हाताखाली लहान-लहान शहरांतून आणखी चार संघ खेळतात, म्हणजे एकूण 120, हे गेल्या जूनमध्ये चिरंजीवांकडे नॉर्थ कॅरोलायना राज्यात जाईपर्यंत मला ठाऊक नव्हते. या खालच्या व्यवस्थेला मायनर लीग म्हणतात. तिच्या चार पायऱ्या असून सर्वांत वरची ट्रिपल-ए. तेथील डरहॅम बुल्स हा संघ याच पायरीवर, फ्लोरिडातील टँपा बे रेज या मोठ्या संघाच्या पदरी आहे.

डरहॅम हे मूळचे तंबाखूचे गाव. निपाणीच्या वखारी पाहिलेल्या माणसाला मैदानाशेजारच्या लाल विटांच्या इमारती व उंच धुराडे परके वाटत नाही. 1902 साली संघ निघाला तेव्हा त्याचे नाव 'टोबॅकोनिस्ट्स', म्हणजे तंबाखूवाले, असेच होते. पुढचे 'बुल्स' हे नावही तंबाखूच्याच एका छापावरून आले. कारखाने कधीच बंद पडले. आता त्या इमारतींत कचेऱ्या आणि उपाहारगृहे आहेत. सध्याचे मैदान 1995 सालचे, सुमारे 10,000 प्रेक्षकांचे.

डाव्या अंगाला 32 फूट उंचीची निळी भिंत आणि तिच्यावर बैलाची भव्य पाटी. 1987 साली जुन्या मैदानावर एका चित्रपटाचे चित्रीकरण झाले, त्यासाठी असा बैल प्रथम उभारला गेला. आपल्या खेळाडूने होमरन मारला की बैलाचे डोळे लाल होतात, नाकातून धूर निघतो, शेपटी हलते. बैलाला चेंडू लागला तर खेळाडूला मांसाचे जेवण बक्षीस. पायांखालच्या गवताला लागला तर सॅलड! वृषभ हे आदिनाथांचे लांछन. तेव्हा चेंडू गेलाच तर गवताकडे जावा, अशी मी मनोमन इच्छा धरली. तो कोणाकडेच गेला नाही.

माझे लक्ष मात्र खेळापेक्षा व्यवहाराकडे अधिक होते. चाळीस वर्षे हळदीची पेढी चालविलेल्या माणसाचे दुसरे काय होणार! खेळाडूंचा पगार वरचा मोठा संघ देतो, कोणी खेळावे हेही तोच ठरवितो. स्थानिक मालकाच्या हाती उरतात तिकिटे, खाद्यपदार्थ आणि जाहिराती. माल दुसऱ्याचा, दुकान आपले. त्यामुळे विकायची ती संध्याकाळ. दर डावानंतर मुलांच्या शर्यती, विनोद, गाणी. सातव्या डावात सारे प्रेक्षक उठून एकसुरात गातात. जून महिन्यात तेथे साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपल्या नियमाच्या माणसालाही घरून आणलेली शिदोरी आधीच गाडीत संपवून निवांत बसता येते.

चौथ्या डावानंतर एक गोष्ट घडली. यजमानांचा पिचर उत्तम टाकीत होता, समोरच्यांना धाव मिळत नव्हती. तरीही त्याला थांबविण्यात आले. मी चिरंजीवांना कारण विचारले.

"अण्णा, त्याने किती चेंडू टाकायचे हे वरून ठरलेले असते. त्याचा हात वरच्या संघासाठी राखायचा आहे. येथला सामना जिंकणे ही नंतरची गोष्ट."

"मग हा आपला रणजीच म्हणायचा."

"रणजीत संघ आपल्या राज्याचा असतो, अण्णा. येथे सगळेच पाहुणे."

त्याने मग पगारही सांगितला. 2023 च्या करारापूर्वी या पायरीवरील खेळाडूची किमान वर्षाची मिळकत 17,500 डॉलर होती, ती 35,800 झाली. त्याच वर्षी वरच्या संघातील किमान पगार 7,20,000 डॉलर. मध्ये अंतर एका दूरध्वनीचे. वर कोणी जायबंदी झाला, तर बोलावणे येते आणि खेळाडू लगोलग निघतो. अनेकांना ते कधीच येत नाही. त्या रात्रीचा कॅचर फलकावरील नोंदीप्रमाणे 31 वर्षांचा होता. या खेळात हे वय कोवळे नव्हे. तरीही प्रत्येक चेंडूनंतर तो गुडघ्यांवर तितक्याच नेटाने बसत होता.

चिरंजीव 34 वर्षांचे. ग्रीन कार्डाच्या रांगेत त्यांना आठ वर्षे झाली. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला दरवर्षी साधारण 7 टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत, त्यामुळे आपल्या लोकांची रांग पुढे सरकत नाही. नोकरी उत्तम आहे, कामाचे कौतुकही होते. पण कागद दुसऱ्याच्या हाती. सांगलीची पेढी पुढे कोणी पाहायची, हे विचारण्यासाठीच मी एवढा प्रवास केला होता आणि तीन आठवडे तो प्रश्न तोंडातच राहिला होता.

सातव्या डावात सगळे उभे राहिले, तेव्हा त्या गोंगाटात मी तो विचारला. त्याने मैदानावरची नजर काढली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "अजून दोन वर्षे पाहू द्या, अण्णा."

मी बरे म्हटले. आपल्या तरुणांना परदेशातून खेचून आणावे, असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. आणि त्यांनी तेथेच राहावे, असेही मला कधी वाटलेले नाही.

बुल्स दोन धावांनी हरले. आसपास कोणाच्याच चेहऱ्यावर त्याचे दुःख दिसले नाही. मुले मैदानाच्या कडेला सह्यांसाठी उभी होती. परतताना गाडीत सूनबाईंचा डोळा लागला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग चिरंजीवांनी विचारले, "यंदा राजापुरी काय भावाने निघाली?"

मी सांगितला. त्याने आवकेचेही विचारले.