पळसाच्या दिवसांत काटोल रस्त्याने

फेब्रुवारीच्या अखेरीस नागपूरची थंडी ओसरते. अशा वेळी सुट्टीच्या दिवशी सकाळीच मोटारसायकल काढावी आणि काटोलचा रस्ता धरावा. अंतर सुमारे ६० किलोमीटर. हेल्मेट आणि पाण्याची बाटली विसरू नये.

कळमेश्वर मागे पडले की बांधावर पळस लालभडक फुललेला दिसतो. पुढे संत्र्याच्या बागा लागतात आणि फुलांच्या घमघमाटाने गाडीचा वेग आपोआप कमी होतो. हा आंबिया बहार. हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण देतात. मग पाणी सोडले की फुले फुटतात. शेजारच्याच बागेत मृग बहाराची फळे तोडणीला आलेली असतात.

पण याच दिवसांत गारपिटीची धास्ती असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी विदर्भातील संत्राबागा झोडपल्या. गारा तासाभरात वितळतात. झडलेला बहार मात्र बागवानाची वर्षाची कमाई नेतो आणि तोडणीच्या मजुरांचे कामही. बागवानाची नजर सारखी आभाळाकडे का जाते, हे मुलांना तिथेच समजावून सांगावे.

परतताना फेटरीजवळ चिचोलीच्या शांतिवनात थांबावे. बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू तेथे जतन केल्या आहेत.